वैनगंगेतला मासा मेला, तर पंचनामा कोण करणार?

गारपीट झाली की तलाठी शेताच्या बांधावर येतो आणि नुकसानीचा पंचनामा होतो. भरपाई तुटपुंजी असते, उशिराही मिळते. पण शेतकऱ्याचे नुकसान झाले, हे सरकार मान्य करते. नदीचे पाणी सडून मासे मेले, तर ढिवराच्या दारी कोण येते? भंडारा जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. त्याचे उत्तर आजवर कोणत्याही कार्यालयाने नीट दिलेले नाही.

आधी पाणी कुठून येते ते पाहू. नाग नदी नागपूर शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हान पुढे वैनगंगेत येते. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. धरणात पाणी साठू लागले आणि पूर्वी वाहून जाणारी घाण आता फुगवट्यात थांबते. गाळ तळाशी बसतो, वर जलपर्णी पसरते, जाळे टाकायला जागा उरत नाही. यात आपल्या जिल्ह्यातील गावा-शहरांचे सांडपाणीही आहे, हे नाकारता येणार नाही. भंडारा शहर पिण्याचे पाणी याच वैनगंगेतून घेते.

मासा का मरतो? सांडपाण्यातील घाण कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार मासेमारीयोग्य पाण्यात प्रतिलिटर किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तो कमी झाला तरी मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊन तग धरतात; रोहू-कटला गुदमरतात. त्यामुळे जाळ्यात कोणता मासा येतो आणि कोणता येईनासा झाला, यावरून ढिवराला पाण्याची अवस्था प्रयोगशाळेच्या आधी कळते. पण त्याचे हे ज्ञान कोणत्याही अहवालात येत नाही.

जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचे पाणी कोलार आणि कन्हान नद्यांत गेले. तेव्हा मुख्य चर्चा झाली ती नागपूरच्या नळांची. ती व्हायलाच हवी होती. पण त्याच नदीवर खालच्या अंगाला पोट भरणाऱ्यांचे काय झाले, हे विचारणारे फार थोडे होते.

कागद नाहीत असे नाही. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रात होते. वैनगंगा आणि कन्हान या दोन्ही नद्या त्या यादीत होत्या. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सर्व राज्यांना कृती आराखडे करायला सांगितले. नाग नदीसाठी सुमारे दोन हजार कोटींची योजनाही आहे. या सगळ्या हिशेबात सांडपाणी आहे, यंत्रणा आहे, निधी आहे. ढिवराच्या बुडालेल्या रोजीचा रकाना मात्र नाही.

आता एक संधी आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कर्ज आणि वीजदरातील सवलतींची त्यात चर्चा झाली. आमचे म्हणणे असे की, मासेमारी शेतीसमान असेल तर प्रदूषणाने मेलेल्या माशांचाही पीकहानीसारखाच पंचनामा झाला पाहिजे. शिवाय हे संकट निसर्गाचे नाही. घाण सोडणारा माणूस आहे, म्हणून भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर टाकता येते. हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १५ मध्ये प्रदूषणग्रस्तांना भरपाईची तरतूद आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. महाराष्ट्राचे खंडपीठ पुण्यात आहे.

पण अर्जाला पुरावा लागतो. इथे आपल्या शिकलेल्या तरुणांचे काम सुरू होते. मेलेले मासे दिसताच तारीख, वेळ, ठिकाण लिहून फोटो काढा. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, दुपारी वाढतो. म्हणून नमुना पहाटेच घ्यावा, असा आग्रह धरा. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या. मच्छीमार संस्थेच्या मासळीच्या रोजच्या नोंदी जपा. नुकसान किती झाले, हे त्याच वहीतून सिद्ध होईल. मासेमारीच्या ठिकाणी दर महिन्याला तपासणी करून तिचे निकाल ग्रामपंचायतीत मराठीत लावावेत, असा ठराव ग्रामसभेत घ्या.

हा प्रश्न ढिवरांचा, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. ढिवर समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे. आपल्यासारखाच तोही हक्कासाठी कार्यालयांचे उंबरे झिजवतो. आपण पवनीला प्राचीन स्तूपांचे अवशेष पाहायला जातो, त्या गावाचा काठ हीच वैनगंगा आहे. बाबासाहेबांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढवली. त्याआधी, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी नदीच्या नियोजनासाठी प्रांताची सीमा न पाहता संपूर्ण खोरे एक धरावे, ही भूमिका पुढे नेली. आज नागपूरची घाण आणि भंडाऱ्याचे नुकसान वेगवेगळ्या फायलींत ठेवले जाते, तेव्हा तीच भूमिका आपण मांडली पाहिजे.

पहिला पाऊस नाल्यांत साचलेली घाण एकदम नदीत लोटतो. त्याआधी, मे महिन्यातच, प्रत्येक काठच्या गावात ढिवर आणि बौद्ध तरुणांनी एकत्र बसून नोंदवही सुरू करावी. पुढच्या वेळी मासे मेले, तर पंचनामा मागायला गावाच्या हातात कागद असेल.