दुसरी सीडी रेंगाळते

मराठी सिनेमाचं भवितव्य शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरतं, असं हल्ली सगळेच धरून चालतात. मला ते पटत नाही. तीन दिवसांत गल्ला ठरतो. सिनेमा कसा आहे हे कळायला तो घरात यावा लागतो, जेवणं आटोपल्यावर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांसमोर लागावा लागतो, मध्येच थांबवावा लागतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा कुणीतरी ‘तोच लाव ना’ म्हणावं लागतं. डोंबिवली पूर्वेला आमची सीडी-डीव्हीडी लायब्ररी होती. तिच्या काउंटरवर मी कितीतरी वर्षं बसले, त्या जोरावर हे लिहितेय.

सकाळची गाडी गाठायला निघालेली माणसं रात्री पाहिलेली डिस्क काउंटरवर टेकवायची आणि जाता जाता एखादं वाक्य टाकायची. ‘पहिली सीडी फक्कड, दुसरी रेंगाळते.’ ‘काकू, हा घरात मुलं असतील त्यांना देऊ नका.’ ‘आईला फार आवडला, आजचा दिवस ठेवू का?’ गाडी चुकायची धास्ती, त्यामुळे पाल्हाळ कुणी लावत नसे. संध्याकाळी दुसरं कुणी तोच सिनेमा हातात धरून ‘कसा आहे?’ विचारणार हे ठरलेलं, म्हणून मी ही वाक्यं वहीत उतरवायला लागले. पुढे सभासद स्वतःच लिहू लागले. मत देणाऱ्याला ठाऊक असायचं की आपल्या शब्दावर शेजारच्या बिल्डिंगमधलं कुटुंब आपली शनिवारची रात्र खर्ची घालणार आहे आणि सोमवारी जिन्यात भेटणार आहे. त्यामुळे उगाच कौतुक नाही, उगाच शिव्याही नाहीत. आज पडद्यावर पाच तारे देणारा कोण आहे, त्याने सिनेमा पाहिला तरी आहे का, हे कळायला मार्ग नाही.

मतं तबकडीच्या हिशेबाने यायची हेही समजून घ्यायला हवं. व्हीसीडीच्या एका तबकडीत साधारण ७४ मिनिटं मावत, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन सीडींचा. दिग्दर्शकाने मध्यंतर कुठेही ठेवलेलं असो, घरातलं मध्यंतर तबकडी भरेल तिथे. कधी गाण्याच्या अंतऱ्यात, कधी अर्ध्या वाक्यात. कुणीतरी उठून सीडी बदलायचं, तेवढ्यात एकजण पाणी प्यायला, एकजण दूध तापवायला. परत किती जण येऊन बसले यावर दुसऱ्या सीडीचं नशीब. एका शिक्षिकाबाईंनी वहीत एवढंच लिहिलं होतं, ‘दुसरी सीडी लावायला कुणी उठलं नाही.’ त्या सिनेमाबद्दल वर्तमानपत्रात अर्धं पान आलं होतं. ते वाचून जे कळलं नाही ते या पाच-सहा शब्दांत कळलं.

निशिकांत कामतचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ साली आला. आमच्याच गावचा सिनेमा, तेव्हा थिएटरात जाऊन आलेल्यांनीसुद्धा डिस्क नेली. माधव आपटे हा बँकेतला माणूस, रोज लोकलने मुंबईला जाणारा, एक दिवस सगळ्या बेकायदेशीर गोष्टींवर उखडतो आणि हातात बॅट घेतो. छापील परीक्षणांत भ्रष्टाचार, व्यवस्था, सामान्य माणसाचा उद्रेक असे शब्द होते आणि ते बरोबरच होते. माझ्या वहीतल्या बायकांनी मात्र दुसराच धागा पकडला. एकीने लिहिलं, ‘रोज संतापून घरी येणारा माणूस बायको-मुलं कशी झेलतात, ते आणखी दाखवायला हवं होतं.’ दुसरीने खाली भर घातली, ‘तिची चूक काय ते मला अजून कळलं नाही.’ एका बँक कर्मचाऱ्याने आपटे संघटनेत का जात नाही, एकट्याने लढायला का निघतो, यावर जवळजवळ पानभर लिहिलं. थिएटरच्या अंधारात बॅट फिरली की टाळ्या पडतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली, शेजारी आपलीच बायको बसलेली असताना, आपटे वेगळा दिसतो. कामतने हाच सिनेमा पुढे माधवनला घेऊन तमिळमध्ये केला. आमच्या वहीतलं पान त्याच्या हाती पडलं असतं तर, असं मला आजही वाटतं.

‘श्वास’चीही तीच गोष्ट. २००४ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, तो ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीकडे आलेला. भारतातर्फे तो ऑस्करला गेला. एवढ्या गौरवानंतर घरोघर तो पाहिला गेला तेव्हा काय झालं? एक आजोबा डिस्क परत करायला उशिरा आले. डॉक्टर नातवाच्या डोळ्यांबद्दल सांगतात तिथे त्यांनी सिनेमा थांबवला होता आणि दोन दिवसांनी पुढे लावला. ‘थिएटरात असतो तर उठून बाहेर गेलो असतो, मग राहूनच गेला असता,’ म्हणाले. मी त्यांच्याकडून जास्तीच्या दिवसांचं भाडं घेतलं नाही. रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करणाऱ्या एका सभासद बाईंनी अमृता सुभाषच्या आसावरीबद्दल लिहिलं होतं की आमचं काम काय असतं हे घरच्यांना पहिल्यांदाच नीट कळलं. आणि संदीप कुलकर्णी. ‘श्वास’मधला डॉक्टर आणि ‘डोंबिवली फास्ट’मधला आपटे हा एकच नट आहे, हे कित्येकांना लागोपाठ दोन्ही डिस्क नेल्यावर उमगलं.

काही सिनेमे थिएटरात पाहताच येत नाहीत, निदान काही घरांना. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ एक बहीण घेऊन गेली. तिच्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. अतुल कुलकर्णीचा शेष आणि सोनाली कुलकर्णीची सीना पाहताना भाऊ शेजारीच बसला होता, असं तिने सांगितलं. वहीत तिने काही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र तिच्या दोन मावश्या एकामागोमाग तीच डिस्क मागायला आल्या. चार लोकांत बसून तो सिनेमा पाहणं त्या घराला जमलं नसतं.

‘माहेरची साडी’ला शहाणे लोक रडका म्हणून मोडीत काढतात. १९९१चा हा सिनेमा आमच्याकडे कोण नेई ते मी पाहिलंय. सासू गावाला गेली की सून न्यायची. दुपारी पाहायची आणि संध्याकाळच्या आत परत. या बायका काही भोळ्या नव्हत्या. पटकथेतले ढोबळ प्रसंग त्यांनाही दिसत होते, त्या बोलूनही दाखवत. पण ज्या गोष्टीबद्दल घरात अवाक्षर काढता येत नाही तिच्याबद्दल अलका कुबल तीन तास बोलते, ही त्यांची पावती होती आणि ती मला कुठल्याही परीक्षणाइतकीच वजनदार वाटते.

‘अशी ही बनवाबनवी’बद्दल वहीत जवळपास काहीच नाही. डिस्कवर मात्र ओरखडेच ओरखडे. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसत राहायचं आणि शेवटी नवी आणायची.

एका सभासदाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंते. फितीवरचा सिनेमा सुरू होताना सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, त्यावर लांबी मीटरमध्ये आणि रिळं किती ते लिहिलेलं असतं. आपण कुणी ते वाचत नाही. ते पॉज करून वाचायचे. पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटाला सत्तावीस मीटरच्या किंचित वर पळते. ३,८०० मीटरचा सिनेमा म्हणजे साधारण १३९ मिनिटं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चित्रं सरकतात, म्हणून कुठेही कात्री न लावता तो १३३ मिनिटांत संपेल, एवढी सूट ते देत. आणि मग डिस्क ११८ मिनिटांत संपली की वहीत लिहीत, ‘पंधरा मिनिटं गायब. बहुधा दोन गाणी आणि कोर्टातला प्रसंग.’ एका कंपनीने तीन सीडींचा सिनेमा दोन सीडींत बसवण्यासाठी सरळ प्रसंग उडवले होते. शिवाय तळाशी फोन नंबरची पट्टी सरकत राहायची. मी वितरकाकडे तक्रार केली, तर ‘गिऱ्हाईक कुठे मोजतंय’ असं उत्तर मिळालं. गिऱ्हाईक मोजत होतं. कापलेला सिनेमा पाहून ‘कथेत मेळ नाही’ असं मत कुणी देतं तेव्हा तो दोष दिग्दर्शकाच्या माथी बसतो, आणि तोही कायमचा, कारण पुढच्या पिढीसमोर तीच कापलेली प्रत येते.

मालिकांचं दुखणं वेगळं. शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ डिस्कवर मिळाली तेव्हा आईबाप ती मुलांसाठी नेत आणि स्वतःच पाहत बसत. आर. के. लक्ष्मण यांची सुरुवातीची चित्रं पाहायला पुन्हा मागे नेतो, असं एकाने लिहिलं होतं. श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांची. इतिहास शिकवणाऱ्या एका सरांनी ती मे महिन्याच्या सुट्टीत ओळीने पाहिली. नसीरुद्दीन शहाचा शिवाजी आणि ओम पुरीचा औरंगजेब एकाच संध्याकाळी पाहता येणं हे त्यांना अपूर्वाईचं वाटलं, आठवड्याला एक भाग पाहताना ती तुलना मनात टिकत नसे. पण सगळ्यात जास्त मागणी कशाला होती? ‘चिमणराव’ आहे का? ‘गोट्या’ आहे का? ‘चिमणराव’मधली दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी आपल्या नातवंडांना दाखवायची म्हणून माणसं पैसे हातात घेऊन उभी राहायची. माझ्या वितरकांकडे त्यातलं काहीही नसायचं. ज्या मालिकेसाठी रस्ते ओस पडत होते तिच्याबद्दल आज मत द्यायचं तर ते आठवणीवरच द्यावं लागतं आणि तरुण माणसाला तेही शक्य नाही.

२००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. लायब्ऱ्यांच्या पोटावर पाय आला हे खरं. मला त्यातून एक गोष्ट कळली. लोक आधी आमच्याकडून भाड्याने नेत आणि आवडला तरच विकत घेत. एकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा पैसे मोजून कपाटात ठेवावासा वाटणं, हे मी पाहिलेलं सगळ्यात पक्कं मत. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे जब्बार पटेलांचे दोन सिनेमे असेच कपाटात गेले. निवडणूक जवळ आली की लायब्ररीतल्या प्रतीही एका जागी ठरत नसत.

आता डिस्क गेली. ती परत यावी असा माझा हट्ट नाही. पण जे आलंय त्यात घरातल्या प्रेक्षकाच्या हातात काही राहिलं नाही. करार संपला की सिनेमा ॲपवरून गायब. यूट्यूबवर जुने सिनेमे मिळतात, त्यांतल्या कित्येकांवर कोपऱ्यात शिक्का, मध्येच जाहिरात, आणि लांबी मूळची आहे की कापलेली ते सांगणारं कुणी नाही. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांसाठी मराठी सिनेमाला मराठी अक्षरं खाली असावीत, ही मागणी आमच्या वहीत पुन्हा पुन्हा आहे. अमेरिकेतल्या मुलाकडे जाताना ‘संत तुकाराम’ची डिस्क नेलेले लोक परत येऊन सांगत की तिकडच्या प्लेयरवर आपल्या टीव्हीच्या पद्धतीची डिस्क चालली नाही. आता चालण्याचा प्रश्न मिटलाय, तर मराठी न येणाऱ्या सुनेला आणि नातवाला कळतील अशी इंग्रजी अक्षरं निदान या जुन्या ठेव्याला तरी हवीत.

माझी मागणी साधी आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून फिती जपतंय. २००३ सालच्या आगीत नायट्रेटवरचा किती तरी ठेवा जळाला, तेव्हा जपणुकीची किंमत सगळ्यांना कळली. आता जपलेलं घरापर्यंत पोचवायला हवं आणि ते काम सार्वजनिक ग्रंथालयांकडे द्यावं. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे, तालुक्या-तालुक्यात वाचनालयं आहेत, वर्गणीदार आहेत, देवघेवीची सवय आहे. शेमारूसुद्धा १९६२ साली मुंबईत पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणूनच सुरू झाली आणि १९७९मध्ये व्हिडिओकडे वळली, म्हणजे पुस्तकाच्या शेजारी सिनेमा ठेवण्यात नवं काहीच नाही. हक्कदारांना ठरलेला मोबदला द्या, संपूर्ण लांबीची प्रत घ्या, तिच्यावर मूळ प्रमाणपत्रातले मीटर छापा, खाली मराठी अक्षरं द्या. पेन ड्राइव्हवर द्या, नाहीतर वर्गणीदाराच्या नावाने खातं उघडून द्या, ते तंत्र जाणणाऱ्यांनी ठरवावं. दूरदर्शनच्या मराठी मालिकांपैकी ज्यांच्या फिती शाबूत आहेत त्यांची यादी आधी जाहीर करावी, आणि ‘चिमणराव’चे जेवढे भाग हाती असतील तेवढे पहिल्याच खेपेला द्यावेत. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवावी. ती भरायला माणसं मिळतील का, असं कुणी विचारलं तर आमच्या लायब्ररीच्या वह्या माझ्याकडे आहेत, मी दाखवायला तयार आहे.