डाकोटा दिल्लीत, छत्रीधारी खेड्यात

२६ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या राजपथावरून पंचाहत्तर विमाने गेली. राफेल आणि सुखोई यांच्या गर्जनेत एक जुने, दोन पंख्यांचे डाकोटा दोन डॉर्नियर विमानांच्या मधून संथपणे पुढे सरकले. या रचनेला ‘टांगाईल’ असे नाव देण्यात आले होते. ते नाव ऐकून किती प्रेक्षकांना काही आठवले असेल, हा प्रश्नच आहे.

महाराष्ट्राला तरी ते आठवावयास हवे होते. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालात टांगाईलजवळ पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे सातशे जवान विमानांतून उतरले. लोहजंग नदीवरील पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविणे, हे त्यांचे काम होते. ते त्यांनी पार पाडले, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम पाऊल टाकणारी भारतीय पलटणही हीच ठरली. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. जवानांना तेथवर नेणाऱ्या विमानांत डाकोटाही होती. तेव्हा राजपथावरून जे विमान गेले, त्याचा धागा दिल्लीपेक्षा सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांतील खेड्यांशी अधिक जवळचा आहे.

वायुदलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि हे डाकोटा आहे. त्यातील डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी खासदार असताना विकत घेऊन, ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून वायुदलाला भेट दिले. त्यांचे वडील वायुदलात डाकोटाचे वैमानिक होते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही भेट स्वीकारण्याचा निर्णय झाला, आणि २०१८ साली ‘परशुराम’ हे नाव धारण करून विमान भारतात आले. त्याच्या अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. जुन्या यंत्रांवर पैसा कशाला, असे विचारणारे हिशेबी लोक नेहमीच असतात. त्यांना एवढेच सांगता येईल की, चालत्या इंजिनाचा आवाज कोणत्याही संग्रहालयातील पाटीला देता येत नाही.

मात्र हा उत्साह डोळस हवा. २०१५ साली इंग्लंडमध्ये शोरहॅम येथे प्रात्यक्षिक करणारे जुने हंटर विमान महामार्गावर कोसळले आणि खाली असलेली अकरा माणसे मेली. लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाड्यांचा समाचार घेतला, तो याच जातीच्या विमानांनी. अमेरिकेत डॅलस येथे २०२२ साली महायुद्धकालीन दोन विमानांची आकाशातच टक्कर होऊन सहा जण दगावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर तर विमाने सुखरूप उतरली, पण ती पाहावयास लोटलेल्या लाखोंच्या गर्दीत उन्हाने पाच प्रेक्षकांचे प्राण घेतले. म्हाताऱ्या विमानाने सरळ, सावकाश, लोकवस्तीपासून दूर उडावे. कसरती करू नयेत. प्रेक्षकांना पाणी आणि सावली मिळावी, हे तर सांगावे लागू नये.

खरी हेळसांड आहे ती जमिनीवर. १९७१ च्या युद्धात ज्या ‘विक्रांत’वरून सी हॉक आणि अलिझे विमाने उडाली, ती नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ साली मोडीत गेली. ‘विराट’चे संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीजवळ करण्याच्या साडेआठशे कोटींच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०१८ साली मंजुरी दिली, २०२० साली तीच नौका अलंगच्या भंगारात पोहोचली. गोव्यासारख्या लहान राज्यात वास्कोजवळ नौदलाचे विमानसंग्रहालय १९९८ पासून उभे आहे, हे येथील मंत्र्यांच्या कानी घालावयास हवे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडमध्ये मिग-२१ ला निरोप देण्यात आला. त्या जातीची शेकडो विमाने नाशिकजवळच्या ओझरला घडली. ती घडविणाऱ्या कामगारांच्या आठवणी अद्याप कोणी ऐकून ठेवणार असेल, तर आताच ठेवावयास हव्यात. मिग आता उडवीत ठेवणे परवडणारे नाही. ओझरला छपराखाली त्याचे इंजिन उघडून दाखविले, तरी पुष्कळ झाले.

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावातील मुलाला हे सारे दूरचित्रवाणीवरच दिसते. डाकोटा करकंबवर घिरट्या घालणार नाही, आणि त्याने घालाव्यात असाही हट्ट नाही. परंतु टांगाईलला विसाव्या वर्षी उडी घेतलेला जवान आज सत्तरीच्या पुढे गेला आहे. माजी सैनिकांच्या याद्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत आहेत, खेड्याखेड्यांत शाळा आहेत, आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. या तिन्हींची गाठ घालण्यास मंत्रिमंडळाच्या मंजुरीची गरज नाही आणि साडेआठशे कोटींचीही नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याचे एक परिपत्रक आणि शिक्षकाची एक दुपार एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. येत्या ११ डिसेंबरपूर्वी सोलापूर जिल्ह्याने ते सुरू करावे.