शेवटच्या पडद्यावरचे शुल्क

मोबाइलवर ३०० रुपयांचे तिकीट निवडले, की पैसे भरण्याच्या पडद्यावर ते फुगलेले दिसते. समजा, तिकिटामागे ३० रुपये ‘सुविधा शुल्क’ लागले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये ४० पैसे. चौघांच्या कुटुंबाला हा वरखर्च १४१ रुपये ६० पैशांना पडतो. खुर्च्या एकदाच निवडल्या, पैसेही एकदाच भरले. शुल्क मात्र चारदा. तिकीट १०० रुपयांचे आणि शुल्क तेच ३० रुपये असेल, तर भुर्दंड ३५ टक्क्यांवर जातो. तेव्हा दोन ॲपची तुलना करताना नुसता शुल्काचा आकडा पाहून भागत नाही. तो तिकिटामागे आहे की व्यवहारामागे, आणि खेळ रद्द झाल्यास परत मिळतो का, हेही पाहावे लागते.

सिनेमाच्या बाबतीत ही तुलना निदान शक्य आहे, कारण एकच खेळ अनेकदा ‘बुकमायशो’ आणि ‘डिस्ट्रिक्ट’ या दोन्हींवर मिळतो. मोठ्या मैफलींचे तसे नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या ‘कोल्डप्ले’च्या कार्यक्रमांची अधिकृत विक्री एकट्या ‘बुकमायशो’कडे होती. दुसरे दुकानच नसेल, तर भाव विचारायचा कुठे?

महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर असे शुल्क घेण्यास मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १० जुलै २०२५ रोजी ते आदेश रद्द केले. अशी बंदी घालण्याचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेला नाही आणि ही बंदी व्यवसायस्वातंत्र्यावर घाला घालते, हे त्यामागचे कारण. घरबसल्या तिकीट नको असेल, तर प्रेक्षकाला तिकीटबारी मोकळी आहे, हाही मुद्दा होता. सिनेमापुरता तो पटतो. नाट्यगृहाच्या बारीवर प्लॅन पाहून खुर्ची ठरवणारा प्रेक्षकही अजून आहे. पण स्टेडियमवरच्या मैफलीला बहुतेकदा बारीच नसते, तिथे ‘सोय’ हा शब्दच पोकळ ठरतो.

शुल्क घेणे आणि ते दडवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्या नोंदवल्या आहेत. किंमत सुरुवातीला पूर्ण न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणे ही त्यांतली एक. न विचारता बिलात देणगीचा रुपया घुसडणे हीही तशीच दुसरी. अमेरिकेत मे २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार कार्यक्रमाच्या तिकिटाची किंमत जाहीर करतानाच सक्तीच्या शुल्कांसह एकूण रक्कम दाखवावी लागते, तीही इतर आकड्यांपेक्षा ठळकपणे. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या निकालाने शुल्काला वाट मोकळी झाली. ते पहिल्याच पडद्यावर दाखवण्याच्या आड तो निकाल येत नाही.