जुन्या गाडीच्या थांबण्याची हमी कोण देणार?

गाडी किती वेगाने धावते याची चौकशी सारे करतात. ती किती अंतरात थांबते, हा प्रश्न मात्र बहुधा अपघाताच्या पंचनाम्यातच प्रथम विचारला जातो. सपाट मुलखात ही बेफिकिरी एक वेळ निभावून जाते. परंतु १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला आमचा नंदुरबार जिल्हा अर्धा तापीच्या सपाटीवर आणि अर्धा सातपुड्याच्या कड्यांवर वसलेला आहे. तळोद्याहून धडगावला जावयाचे तर चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला जावयाचे तर देवगोईचा घाट आणि शहाद्याहून तोरणमाळ गाठावयाचे तर पुन्हा घाटच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदसैली घाटात उलटली आणि ऐन दिवाळीत अनेक घरांतील दिवे मालवले. त्या दुर्घटनेचे कारण ठरविणे हे तपासयंत्रणेचे काम आहे. त्याविषयी येथे काही सुचवावयाचे नाही. पण ज्या रस्त्यावर चूक सुधारण्यास दुसरी संधी मिळत नाही, त्या रस्त्यावर वाहनाचा ब्रेक हा सार्वजनिक चिंतेचा विषय ठरतो, एवढे तरी त्यातून उमजावयास हवे.

हा विषय सुचण्याचे निमित्त मात्र घरगुती आहे. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली जुनी पद्मिनी मोटार पोटच्या पोरासारखी जपली आहे. मागील वर्षी तोरणमाळहून उतरताना त्यांच्या पायाखालचे ब्रेकचे पेडल अचानक तळाला टेकले. गिअर खालचा होता, हँडब्रेक शाबूत होता आणि कडेला मातीचा उंचवटा होता, म्हणून आम्ही चौघे आज हयात आहोत. चाक उघडले तेव्हा आतील प्रकार दिसला. व्हील सिलिंडरातील रबरी वॉशर फुगून फाटले होते, कारण कोणीतरी टाकीत भलतेच तेल ओतले होते. ब्रेक शू मागे खेचणारी स्प्रिंग कसल्याशा दुसऱ्याच यंत्राची होती, आणि शूला आधार देणारी पिन साध्या लोखंडाची, लेथवर ओढून बसविलेली होती. ज्या मिस्त्रीने हे काम केले तो लबाड नव्हता. त्याच्यापाशी योग्य सुटा भाग नव्हता, आणि गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने परत पाठविण्याचे धैर्यही नव्हते. आपल्याकडे या अगतिकतेलाच आपण कौतुकाने ‘जुगाड’ म्हणतो.

योग्य भाग का मिळत नाही, हे पाहण्यासाठी थोडा इतिहास चाळावा लागेल. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट १९६४ पासून ‘डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने मध्यमवर्गाच्या दारी आली. या शतकाच्या आरंभीच तिचे उत्पादन थांबले. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर २०१४ मध्ये थांबली. तरीही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या सुट्या भागांना मोठे गिऱ्हाईक उरले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि तो आधारही गेला. हजारो टॅक्सींसाठी भाग बनविणारा कारखानदार शंभर शौकिनांसाठी यंत्र चालू ठेवील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. जुन्या जीपगाड्यांची कथाही फारशी वेगळी नाही. आणि त्या गाड्या तर शौकाच्या नव्हेत, सातपुड्यातील अनेक पाड्यांचे ते बाजारहाटाचे आणि दवाखान्याचे साधन आहे.

तेव्हा नंदुरबारच्या मालकापुढे तीन वाटा उरतात. सुरतेच्या वा मुंबईच्या एखाद्या दुकानात धूळ खात पडलेला जुना पण कोरा माल. कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातील उतरविलेला माल. किंवा छोट्या कारखान्यांतून निघणारा नवा माल. यांपैकी पहिल्यावर लोकांचा आंधळा विश्वास असतो. मूळ कंपनीचे खोके, मूळ शिक्का, मग शंका ती कसली? येथेच फसगत होते. लोखंड व पोलाद कोरड्या जागी तीस वर्षे टिकेल. रबर टिकत नाही. खोक्यात बंद असले तरी ते कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. म्हणून जुन्या साठ्यातील अस्सल ड्रम जरूर घ्यावा, पण अस्सल असला तरी जुना रबरी वॉशर वा होज पाइप घेऊ नये. तो चांगल्या कारखान्याचा, अलीकडच्या तारखेचा नवाच घ्यावा. भंगारातील ड्रम घेताना आतला व्यास मोजून घ्यावा, कारण लेथवर वारंवार घासलेला ड्रम पातळ होतो, तापतो आणि तडकतो. भंगारातील सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर नवे वॉशरही त्यात फार दिवस तग धरणार नाही.

तिसऱ्या वाटेवर नकली मालाचा धोका आहे. नकली घड्याळ वेळ चुकवील. नकली लायनर प्राण घेईल. त्यातही लहानसहान वस्तूंकडे आपले लक्ष जात नाही. बोल्ट म्हणजे बोल्ट, असे समजून हार्डवेअरच्या दुकानातून तो आणला जातो. वस्तुतः बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो, त्याला अर्थ आहे. पहिला आकडा सांगतो की, तो तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसेल. दुसरा सांगतो की, त्या ताणाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत तो कायमचा वाकणार नाही. निनावी बोल्टवर असे कोणतेच वचन नसते. जेथे मूळ बोल्ट या प्रतीचा होता, तेथे निनावी बोल्ट बसविणे म्हणजे सही नसलेला धनादेश स्वीकारण्यासारखे आहे.

घाटात ब्रेकवर केवढा भार पडतो, याचा हिशेब आमच्या शिक्षक बंधूंनी वर्गात अवश्य मांडावा. चार माणसांसह १२०० किलो वस्तुमानाची गाडी ९०० मीटर खाली उतरली, तर तिची सुमारे १ कोटी ६ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत तीस लिटरहून अधिक पाण्याला उकळी फुटेल! खालचा गिअर ठेवला तर यातील बराच वाटा इंजिन उचलते. पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सारा भार चार ड्रमांवर येतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरलेल्या त्याच तेलाची हमी १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय तळाला जातो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना तेल पुरविणारी एकच वाट असे. एक वॉशर फुटला की चारही चाके निराधार. म्हणूनच जुन्या गाडीचा ब्रेक नव्या गाडीच्या ब्रेकपेक्षा अधिक काटेकोरपणे सांभाळावा लागतो.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा असून त्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आणले. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला सुटा भाग नियमबाह्य असूनही जो विकील, त्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दर भागामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. खासगी मोटारीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणीही आहे. परंतु पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीत चाक उघडून वॉशर पाहिला जात नाही, आणि कायद्याचे कलम तालुक्याच्या दुकानातील फळीपर्यंत क्वचितच पोहोचते.

यावर काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? जुन्या गाड्या भंगारात काढा, सरकारने त्यासाठी २०२१ मध्ये धोरणही जाहीर केले आहे. धुराच्या दृष्टीने या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारता येणार नाही. पण वय हाच दोष मानला तर प्रश्न सुटत नाही. पाच वर्षांच्या गाडीत नकली लायनर बसविले तर ती चाळीस वर्षांच्या नीट राखलेल्या गाडीहून घातकच. शिवाय धडगाव-मोलगीकडील जीपवाल्याला नवी गाडी घेण्याचा उपदेश करणे सोपे आहे, तिचे हप्ते कोणी भरावयाचे ते उपदेशक सांगत नाहीत. तेथे जीप बंद पडली तर आजारी माणसाला पुन्हा झोळीतूनच न्यावे लागेल.

मग करावयाचे काय? पहिले असे की, येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ब्रेक तपासणीचे एक साधे केंद्र असावे. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि चांगला लेथ ही साधने प्रशिक्षणाचा भाग आहेतच. विद्यार्थ्यांच्या हातून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली ड्रम मोजणे, सिलिंडरला आतून नवे अस्तर बसविणे ही कामे माफक शुल्कात होऊ शकतील. दुसरे, परिवहन कार्यालयाने यात्रेपूर्वी व पावसाळ्यानंतर घाटाच्या पायथ्याशी ब्रेकची तपासणी करावी, आणि तिचा हेतू पावती फाडण्याचा नसून दोष दाखविण्याचा असावा. तिसरे, मालकांनी एकत्र येऊन मागणी नोंदवावी. एकट्याने मागितलेला एक वॉशर कोणी बनविणार नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव आणि सुरत येथील मालकांनी मिळून मागितलेले पाचशे वॉशर कोणीतरी बनवील.

मालकाचे कर्तव्य मात्र कोणावरही ढकलता येत नाही. भाग घेताना पक्की पावती घ्यावी. जुना भाग सोबत नेऊन मोजून घ्यावा. एका चाकाचे लायनर बदलले तर त्याच आसावरील दुसऱ्याचेही बदलावे. तेल दोन वर्षांच्या आत पूर्ण बदलावे. आणि योग्य भाग मिळेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, त्याची धूळ फुप्फुसाला कर्करोगापर्यंत नेऊ शकते. तेव्हा ड्रममधील भुकटी तोंडाने वा हवेच्या नळीने उडवून देण्याची आपल्या गॅरेजांतील सवय मोडली पाहिजे. तेथे वाकून काम करणारा पोरगाही कोणाचा तरी मुलगा आहे.

आमच्या शिक्षकमित्रांची पद्मिनी पुढे चार महिने दारात उभी होती. वॉशर एका गावाहून, पिन दुसऱ्या गावाहून, असे करीत सारे अस्सल भाग जमल्यावरच त्यांनी ती रस्त्यावर आणली. या चार महिन्यांत ते एस.टी.ने फिरले आणि लोकांच्या थट्टेचा विषय झाले. त्यांना थट्टा परवडली. घाटातील दुसरा प्रसंग परवडला नसता. जुनी वस्तू जपण्यात प्रेम आहे, याविषयी दुमत नाही. पण रस्ता हा सर्वांचा असतो, आणि ज्या गाडीच्या थांबण्याची हमी मालक देऊ शकत नाही, ती सुरू करण्याचा नैतिक अधिकार त्याला पोहोचत नाही.