मुक्कामाचा दिवस

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीसाठी कारखाना एक दिवस बंद ठेवला, तर तो दिवस कोणी तोट्यात मांडत नाही. त्याच वसाहतीतील कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत सायकलींवरून कोकण किनाऱ्याला निघते, तेव्हा मात्र विश्रांतीचा दिवस कर्त्या पुरुषाला नुकसानीचा वाटू लागतो. सुट्टी मोजकी, मुक्काम आधीच ठरलेले आणि 'आज काहीच अंतर कापले नाही' ही टोचणी. हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्याची चूक बहुधा सर्वांत लहान सायकलस्वाराच्या गुडघ्यात उघडकीस येते.

नाशिकला सायकलीचे वेड नवे नाही. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. पराक्रम मोठा, परंतु तेथे एक भाऊ सायकल चालवीत असता दुसऱ्याला विसावा मिळे, आणि साथीला मदतनीसांचा ताफा होता. बारा वर्षांची मुलगी बरोबर घेतलेल्यांनी तो आदर्श घरी ठेवूनच निघावे.

कोकण किनारा नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात रस्ता खाडीपाशी उतरतो आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर चढतो. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेरीबोटींतून सायकलीसह खाडी ओलांडता येते; चढ मात्र चुकत नाही. तीन-चार दिवसांच्या अशा श्रमाने स्नायूंतील साखरेचा साठा आटतो, आणि तो भरून येण्यास पोटभर आहार व साधारण एक दिवस लागतो. स्नायूंचे दुखणे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक जाणवते. म्हणून दुखू लागल्यावर थांबण्यापेक्षा गुहागरसारखे गाव मुक्कामासाठी आधीच निश्चित करणे बरे.

त्या दिवशी कामे थोडीच असतात. खाऱ्या हवेने साखळी गंजते. सायकली गोड्या पाण्याने पुसून साखळीला तेल द्यावे. कपडे धुवावेत. मुलांना वाळूत मनसोक्त चालू द्यावे. दुकानाचे फोन घ्यायचेच असतील तर एक तास ठरवून घ्यावेत, अन्यथा गादी समुद्रकाठी आली इतकेच व्हायचे.

जेवणाची घडी बसविण्यासही हाच दिवस उपयोगी. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सायकल चालविण्याच्या दिवशी चारपर्यंत मुक्काम गाठला नाही, तर ताटावर घाई होते आणि थकलेली मुले अर्धपोटी झोपतात. विश्रांतीच्या दिवशी मात्र खानावळीतील ताईंशी निवांत बोलता येते. कांदा-बटाटा नको हे सर्वजण सांगतात. सोलकढीत लसूण पडतो, हे सांगायचे राहून जाते. घावने आणि नारळाचे दूध मुले आवडीने खातात.

आणि संध्याकाळी मुलीला जिना चढून उतरावयास सांगावे. गुडघा पुढील बाजूने दुखत असेल तर बैठक बहुधा खाली राहिलेली असते. वाढत्या वयात उंची भराभर बदलते. बैठक वर घेऊनही दुसऱ्या सकाळी दुखणे तसेच असेल, तर पुढचा टप्पा सोडावा. वडिलांनी हा निर्णय एकट्याने न घेता तिला विचारून घ्यावा. 'दुखत नाही' असे ती त्यांचा चेहरा पाहूनच म्हणते की काय, हे आईला अधिक चांगले समजते. चिपळूणचे रेल्वे स्थानक गुहागरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि सायकली टेम्पोत चढविता येतात.