परक्या देशातला मुखत्यार

बँकेच्या नोकरीत मी हजारो सह्या पडताळल्या. माणूस कितीही गोड बोलो, कागद वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही, ही सवय त्यात अंगी मुरली. निवृत्तीनंतर ती सुटेल असे वाटले होते. सुटली नाही, हे बरेच झाले.

आमची मुलगी पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहरात राहते. 'आता इकडेच या' असा तिचा आग्रह. चौकशी करता कळले, की पेन्शन, भाडे, व्याज अशा उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी त्या देशाचा 'डी-7' नावाचा व्हिसा आहे. उत्पन्नाची अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली. 2025 साली एकट्याला महिना 870 यूरो आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे दोघांना 1305. यूरो शंभर रुपयांचा धरला, तर महिन्याला एक लाख तीस हजार. पेन्शन, जुन्या फ्लॅटचे भाडे आणि ठेवींचे व्याज मिळून आमचे गणित जेमतेम जुळत होते.

''अहो, पण हे सगळे करणार कोण? आपल्याला ना तिथली भाषा, ना कायदा,'' हिने विचारले. प्रश्न रास्त होता.

म्हणून आम्ही एका सल्लागाराकडे गेलो. काचेचे ऑफिस, थंडगार हवा, समोर हसतमुख तरुण. ''काका, शंभर टक्के गॅरंटी! आमचे वकील तिकडे बसलेले आहेत. तुम्ही फक्त सही करा.'' सही करायची होती ती कुलमुखत्यारपत्रावर. आमच्या नावे खाते उघडणे, ते चालवणे, घर भाड्याने घेणे, गरज पडल्यास विकत घेणे, सगळे अधिकार त्या न पाहिलेल्या वकिलाला. मुदत? लिहिलेलीच नव्हती.

मला एक जुनी खातेदार आठवली. विधवा बाई. सगळा व्यवहार भाच्याच्या हाती सोपवला होता. एके दिवशी काउंटरवर आल्या, तर ठेव मोडलेली होती. कागदोपत्री सगळे बिनचूक होते, मुखत्यारपत्रावर सही त्यांचीच होती. मी त्यांना पाणी दिले. त्याहून अधिक काही मला करता आले नाही.

मी तो कागद घरी आणला आणि माहितीपत्रकासह सावकाश वाचला. परवान्यासाठी 'सेफ' या खात्याकडे जावे लागेल, असे त्यात छापले होते. ते खाते ऑक्टोबर 2023 मध्येच बंद झाले. परवान्यांचे काम आता 'आयमा' ही संस्था पाहते. परदेशी पेन्शनवर अवघा दहा टक्के कर, असेही आमिष होते. ती सवलत 2024 पासून, संक्रमणातले अपवाद सोडता, नव्याने येणाऱ्यांना बंद झाली आहे. शिळा माल विकणाऱ्याच्या हाती आपले म्हातारपण द्यायचे?

मग आम्ही दुसरा रस्ता धरला. पोर्तुगालमधल्या प्रत्येक वकिलाची नोंद तिथल्या वकील परिषदेकडे, म्हणजे 'ओर्देम दुश आद्वोगादुश'कडे असते आणि ती कोणालाही पाहता येते. मुलीने तीन नावे मिळवली. त्यांचे नोंदणी क्रमांक मागून आम्ही पडताळले. अर्थात, नोंद आहे म्हणजे माणूस वकील आहे एवढेच सिद्ध होते. तो चांगला आहे की नाही, हे विचारूनच कळते. कर्ज देताना मी विचारत असे, ''धंदा बुडाला तर हप्ता कुठून भराल?'' तसेच या तिघांना विचारले, ''आम्ही कोणत्या परिस्थितीत येऊ नये?''

दोघांनी प्रश्न हसण्यावारी नेला. तिसऱ्या बाईंनी मात्र सरळ सांगितले, ''तुमचे उत्पन्न काठावर आहे. बारा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक दाखवता येत नसेल, तर घाई करू नका. व्हिसाचा अर्ज तुम्हाला भारतातच करायचा आहे, त्यासाठी माझी गरज नाही. करक्रमांक, बँक खाते आणि भाडेकरार एवढेच माझे काम. मंजुरी माझ्या हातात नाही.''

स्वतःची फी कमी करून घेणारा वकील मी पहिल्यांदाच पाहिला! काम त्यांनाच दिले. फी लेखी ठरली, प्रत्येक रकमेची पावती ठरली. मुखत्यारपत्र तेवढ्या तीन कामांपुरते आणि मुदतीचे केले. खाते उघडण्याचा अधिकार दिला, चालवण्याचा नाही. त्यावर नोटरी आणि परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल घेऊन तो कागद पाठवला.

साठीनंतर माणसाला तपासत बसण्याचा कंटाळा येतो. कोणीतरी 'काका' म्हणत सगळे हाती घ्यावे, असे वाटू लागते. शंका घेतली तर समोरच्याचा अपमान होईल, अशी भीडही असते. पण परक्या देशात वकील हीच आपली जीभ आणि आपला हात असतो. भरवशाचा माणूस तपासणीने दुखावत नाही. तो स्वतःच नोंदणी क्रमांक पुढे करतो आणि काय जमणार नाही, ते आधी सांगतो. मंजुरीची गॅरंटी देणाऱ्याकडे मात्र सही न करता चहा प्यावा आणि घरी यावे.