स्पीकरला किती, ॲम्प्लिफायरला किती?



नव्या घराचा दिवाणखाना सजला की संगीतव्यवस्थेचा विषय निघतोच. समजा, कुटुंबाने त्यासाठी साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. तरुण मुलगा ॲम्प्लिफायरच्या पाटीवरील वॅटचा आकडा पाहतो आणि दुकानदारही तोच आकडा पुढे करतो. आजोबांची तक्रार मात्र निराळीच असते : ‘आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाहीत.’ रकमेची वाटणी कशी होते, यावर ही तक्रार मिटणार की वाढणार, हे पुष्कळ अंशी ठरते.

आपल्या दर्शनात शब्दाला पुद्गलाचा पर्याय मानले आहे. न्याय-वैशेषिकांनी त्याला आकाशाचा गुण म्हटले. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र तो पुद्गलाच्या परिणामांत गणला गेला. हा दार्शनिक विचार आहे, यंत्रशास्त्र नव्हे. तरीही येथे तो सहज आठवतो. ॲम्प्लिफायरचे काम विजेपुरते मर्यादित असते. हाती आलेला क्षीण विद्युत-संकेत आकार न बिघडवता मोठा करायचा, एवढेच. स्पीकरला मात्र प्रत्यक्ष पदार्थ हलवावा लागतो. कागदाचा वा कापडाचा पडदा पुढेमागे करून तो खोलीतील हवा ढकलतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. आजचा साधा पण नीट बनवलेला ॲम्प्लिफायर मूळ संकेतात एक दशांश टक्क्याहूनही कमी विकृती आणतो. चांगला स्पीकरदेखील खर्जाच्या मोठ्या आवाजात एखादा टक्का विकृती सहज आणतो. शिवाय काही स्वर तीन डेसिबल उंच, तर काही तितकेच खाली वाजवतो. दोन ॲम्प्लिफायरमधील फरक पुष्कळदा कानाला जाणवतही नाही. दोन स्पीकरमधील फरक मात्र लहान मूलही ओळखते. जेथे फरक पडतो तेथे भांडवल घालावे, हा व्यापाराचा नियम येथेही खरा ठरतो.

याच्या उलट विचारही एकेकाळी प्रबळ होता. स्कॉटलंडमधील लिन या कंपनीने १९७० च्या दशकात ‘आधी उगम, मग बाकीचे’ असा आग्रह धरला. तबकडीवरील जे सुईने उचललेच नाही, ते पुढे कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही, हा त्यामागील युक्तिवाद. तबकड्यांच्या काळात तो वजनदार होता. आज गाणे मोबाइलमधून किंवा संगणकातून येते आणि तो उगम अल्प खर्चात पुरेसा शुद्ध मिळतो. म्हणून मुख्य वाटणी उरते ती स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांच्यातच.

आता वॅटचा हिशेब पाहू. प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता असते : एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो आकडा. ८६ डेसिबलची जोडी घेतली, तर नेहमीच्या दिवाणखान्यात तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्याला एकेका वॅटमध्येच ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. सामान्य संभाषण ६० डेसिबलच्या जवळपास असते, हे लक्षात घेतले की एका वॅटचे बळ समजते. तबल्याची थाप किंवा तारसप्तकातील तान क्षणभर १५ डेसिबल वर गेली, तर तीसएक वॅट लागतात. म्हणजे ४०-५० वॅटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर घराला पुरतो. पन्नासाचे शंभर वॅट केले तरी वाढ फक्त तीन डेसिबलची. तेवढीच वाढ ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर निवडूनही मिळते.

याचा अर्थ ॲम्प्लिफायरची उपासमार करावी, असा नव्हे. शक्ती अपुरी पडली की ध्वनितरंगांचे माथे कापले जातात, आवाज कर्कश होतो आणि ट्वीटरची नाजूक गुंडाळी तापून जळू शकते. स्पीकर चार ओहमचा असेल, तर ॲम्प्लिफायर तो पेलतो की नाही, हे माहितीपत्रकात अवश्य तपासावे.

एवंच, साठ हजारांपैकी अडतीस हजार स्पीकरना, सतरा हजार ॲम्प्लिफायरला आणि पाच हजार स्टँड व तारांना, ही वाटणी आम्हांस समतोल वाटते. घरात जुना ॲम्प्लिफायर सुस्थितीत असेल, तर तोच ठेवावा. घरगुती अंतरासाठी तांब्याची साधी, पुरेशी जाड तार उत्तम चालते. महागड्या तारांचा मोह टाळावा. ॲम्प्लिफायर आतच बसवलेले स्पीकर घेतले, तर ही वाटणी निर्मात्यानेच केलेली असते. लहान खोलीसाठी तो मार्ग सोयीचा.

आजोबांच्या तक्रारीकडे वळू. व्यंजनांची स्पष्टता उंच स्वरांवर अवलंबून असते आणि वयानुसार तेच स्वर प्रथम ऐकू येईनासे होतात. अशा वेळी केवळ आवाज वाढवला, तर खर्जाची घुमघुम वाढते, शब्द हरवलेलेच राहतात. त्यातच फरशी उघडी आणि भिंती मोकळ्या असतील, तर प्रतिध्वनी शब्दांना आणखी पुसट करतो. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचे कपाट हे उपाय बहुधा घरातच असतात. स्पीकर कोपऱ्यातून काढून कानाच्या उंचीवर आणावेत.

खरेदीला जाताना आजोबांना अवश्य बरोबर न्यावे. परिचयाचे एक प्रवचन आणि एक स्तवन सोबत घ्यावे. दोन्ही स्पीकर समान आवाजात ऐकावेत, कारण जो मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला भासतो. आजोबांना प्रत्येक शब्द कळला, की निवड झाली असे समजावे.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण ठरवायचे असते. येथे तर ते वस्तूच सांगते : खोली एवढी, अंतर एवढे, वॅट एवढे. त्यापलीकडचा आकडा आपल्या कानांसाठी नसून शेजाऱ्यांच्या भिंतीसाठी असतो.